आईचा अंगठा

बयूमीच्या पेन्शनच्या अर्जावर आईचा अंगठा लागेल, असा मुखियाचा निरोप आला आणि नबवीया आपल्याच अंगठ्याकडं बघत बसली.

बयूमी तिचा मुलगा नव्हताच मुळी. तो शेजारच्या हमीदाचा. महायुद्धात इंग्रजांच्या मजूर पथकासाठी गावची पोरं धरून नेली, सिनाईच्या वाळूत रूळ टाकायला, त्यांत तोही गेला. तिकडं छावणीत तापाची साथ आली, इकडं गावातही आली. हमीदा गेली. नबवीयाचा नवरा गेला, आठ दिवसांत दोन्ही लेक गेले. हिला मात्र मरण येईना. नुसता घसा बसला, तो बसलाच.

एका दुपारी ती हमीदाच्या ओसाड अंगणात कोंबड्यांना दाणे टाकत होती. स्टेशनवरच्या हमालानं बयूमीला हात धरून आणलं. डोळ्यांवर पट्टी. "तापानं डोळे गेले म्हणे बिचाऱ्याचे," म्हणाला आणि चालता झाला.

"आई?" बयूमीनं हाक मारली.

आई राहिली नाही रे, असं सांगायला नबवीयानं तोंड उघडलं, आणि बाहेर पडलं, "आलास रे, बाळा!"

त्याला आता दोन वर्षं होत आली होती.

तो आल्यावर पंधरा दिवसांनी पट्टी सोडली तेव्हा ती जीव मुठीत धरून समोर उभी राहिली. हमीदाची हनुवटी कोरी होती. हिच्या हनुवटीवर गोंदणाचे तीन हिरवे ठिपके. लहानपणी मांडीवर बसून बयूमी ते बोट लावून मोजायचा. त्यानं डोळे उघडले. हात पुढं करून हवेत चाचपडला.

"काळोखच आहे, आई," तो म्हणाला.

अल्ला माफ करो, पण तिला हायसं वाटलं. मग स्वतःचीच इतकी लाज वाटली की ती उठून चुलीपाशी जाऊन बसली.

गावात उरलीच होती चार माणसं. त्यांनी तोंड मिटलं. एकटी सत्तूता विहिरीवर टोमणे मारायची.

"आंधळ्याला फसवतेस, नबवीया? वर अल्ला बघतोय हो!"

"बघू दे. माझं घर रिकामं केलं तेव्हाही बघतच होता ना?"

बयूमी चटया विणायचा. संध्याकाळी मसूर निवडून द्यायचा. आंधळ्याची बोटंच ती, आमटीत कधी खडा म्हणून लागला नाही. दर शुक्रवारी त्याचा हात आपल्या खांद्यावर घेऊन ती कबरस्तानात जायची, त्याच्या बापाच्या कबरीवर. ईदला खजुरीची फांदी वाहायची, तर पठ्ठ्यानं चाचपडत ती शेजारच्याच कबरीवर ठेवली. साथीतली घाईची कबर, ना दगड ना नाव. हमीदाची. नबवीयानं त्याची चूक सांगितली नाही. चुकून का होईना, फांदी आईलाच पोचली. घरी येऊन ती पोटभर रडली.

पण या हिवाळ्यात तिचा खोकला हटेना. आपण गेल्यावर या पोराला भाकर कोण देणार? साथीत निकामी झालेल्या मजुरांना सरकार पेन्शन देतंय, असं मुखिया म्हणत होता.

"नको ग, आई," बयूमी म्हणाला. "चटयांवर भागतंय की आपलं."

"मी काय अमरपट्टा घेऊन आलेय? जायचं म्हणजे जायचं!"

तालुक्याच्या कचेरीत भिंतीला टेकून पंचवीस-तीस माणसं बसली होती. कुणाला पाय नाही, कुणाला डोळा. लिहिणारा कारकून वासिफ एफेंदी, चष्मा नाकाच्या शेंड्यावर.

"आईचं नाव?"

चोराच्या मनात चांदणं. नबवीयानं ओढणीनं हनुवटी झाकली.

"हमीदा," बयूमीच बोलला. "लिहा. ही काय, बसलीये."

"तिला बोलू दे की. तिला तोंड नाही?"

"तापात घसा बसलाय तिचा. उगाच त्रास नका देऊ."

शाई लावून तिनं हमीदाच्या नावापुढं अंगठा उठवला. बयूमीला आत इंग्रज डॉक्टरकडं नेलं. दार लागलं.

ती बाकावर एकटीच बसून राहिली. ऑपरेशननं डोळे येतील, असं डॉक्टर म्हणाला तर? दुवा तरी काय मागायची? डोळे दे म्हणावं तर पोर जातं. नको म्हणावं तर आपण माणूस कसल्या! बऱ्याच वेळानं तिनं मनाशी ठरवलं. येणार असतील तर येऊ देत. डोळे त्याचे आहेत. आपण आपल्या घरी जायचं आणि दार लावून घ्यायचं.

वासिफ एफेंदी कागद हलवत बाहेर आला.

"उठा, आजीबाई. अर्ज नामंजूर."

"म्हणजे... डोळे येतील म्हणाले डॉक्टर?"

"यायला गेले होते कुठं?" तो हसला. "हा छावणीच्या दवाखान्याचा कागद. डोळे तिथंच बरे झालेत. पट्टी नुसती उन्हासाठी, पंधरा दिवस. साहेबानं दरडावलं तशी गडी कबूल झाला, पट्टी सोडल्या दिवसापासून सगळं लख्ख दिसतंय म्हणून. आणि वर हात जोडतोय, बाहेर ती बसलीये, तिला तेवढं कळू देऊ नका!"

नबवीयाचा शाईचा अंगठा हनुवटीवरच्या ठिपक्यांवर गेला.

आतून काठीची टकटक जवळ आली. भिंत चाचपत बयूमी दारात उभा राहिला आणि त्यानं हात पुढं केला.

"आई, कुठं आहेस? खांदा दे."