सातवी पुडी

विद्यापीठात तंबाखूसंशोधनासाठी अधिव्याख्यात्याची जागा निघाली नि दीपा मुलाखतीला बसली. कापूस मातीमोल झाल्यापासून वेचणाऱ्या बाया भूक मारायला तंबाखू-सुपारीचा खर्रा चघळतात, हे तिनं प्रबंधात मांडलं होतं. पुराव्याच्या सात पुड्या, प्रत्येकीवर चिठ्ठी लावून, टेबलावर होत्या. समितीचे अध्यक्ष हसले. "भूक कायची, पोरी? शौक आहे हा बायांचा. तेवढं प्रकरण गाळ, जागा तुलेच देतो." बोलताना त्यांनी सातवी पुडी सोडली, वाळका चुरा तळहातावर मळला आणि दीपा "सर" म्हणेपर्यंत गालात कोंबलासुद्धा. "मुकुटबनचा माल दिसते," ते चघळत म्हणाले, "जोर नाही राह्यला." तपकिरी लाळ हनुवटीवर ओघळली. जागा जाणार हे ओळखून दीपानं पुडीवरची चिठ्ठी वाचली. "रुखमाबाई. सकाळपासून उपाशी. तीन तास चघळून थुंकलेला." त्यांचा जबडा थांबला. "थुंकू नका, सर. माझ्या आईच्या तोंडचा घास आहे."