डिपर

वळ गावाभोवती गोदामं उठू लागली, तेव्हा माझा धाकटा भाऊ केसरीनाथ टेम्पो विकून घरी बसला होता. मी माहेरी गेले की आम्ही दोघं संध्याकाळी ओटीवर बसायचो. येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांच्या लाईटवरून तो माणसांची पारख करायचा.

त्याच्या मुलीसाठी, क्षितिजासाठी, एका गोदामवाल्याच्या मुलाचं स्थळ आलं, आणि पोरीचं तोंडच उतरलं. मुलगा बघायला आला तो मोठ्या गाडीतून, थेट अंगणापर्यंत अप्पर लाईट लावून. डोळ्यांवर हात धरून केसरीनाथ मला म्हणाला, "ज्याला समोरच्याचे डोले दिसत न्हाय, तो माझ्या पोरीला काय बघनार?" चहा झाला आणि स्थळ परत गेलं.

त्याच्या मनात भरला तो कशेळीचा मनोज. रोज अंधार पडता पडता मनोजचा टेम्पो घरासमोरून जायचा आणि न चुकता डिपर द्यायचा.

"बघ बाय," केसरीनाथ म्हणाला, "समोर गाडी न्हाय, मानूस न्हाय, तरी पोरगा लाईट खाली करतो. याला म्हनतात वलन."

क्षितिजा नेमकी त्याच वेळी गच्चीवरचे कपडे काढायला जाते, हे मी काही त्याला सांगितलं नाही. महिन्याभरात साखरपुडा झाला.


माझ्या लग्नाआधी आमचे बाबाही असेच खूश होऊन म्हणाले होते, "रस्ता मोकला असला तरी आपल्या दारात घंटी वाजवतो, किती जपून सायकल चालवतो हा पोरगा."