दुपारी एकचं लॉक

सेलूजवळच्या वांग्याच्या वाडीत गजेंद्र एकटाच राहून सॉफ्टवेअर लिहायचा. त्याच्या सी भाषेतल्या प्रोग्रामच्या पोटात पायथन ही दुसरी भाषा चालायची; कामं थ्रेडमध्ये, म्हणजे सोबत चालणाऱ्या धाग्यांमध्ये, वाटलेली. पायथनचं लॉक मात्र एकच. ते ज्या थ्रेडकडे, त्यानंच चालायचं, बाकीच्यांनी जागच्या जागी थांबायचं.

त्याचे वडील तानबा गेल्यापासून रोज दुपारी एकला प्रोग्राम अडायचा. थ्रेड दोनच होते. लॉक मात्र कुण्या तिसऱ्याकडे असायचं. म्हातारा याच वेळी वांग्यांतलं काम सोडून घरात जेवायला यायचा.

आज गजेंद्रनं स्वयंपाकघरात ताट वाढून ठेवलं.

"बाबा, जेवून घेजो. मंग लॉक सोडून देजो."

कित्येक दिवसांत या घरात तो पहिल्यांदाच बोलला होता.

स्क्रीनवर दोन्ही थ्रेड आळीपाळीनं धावू लागले. हायसं वाटून तो उठायला गेला, पण उठता येईना. मानही वळेना.

खाली नवी ओळ उमटली, 'थांबलेला : गजेंद्र.'

स्वयंपाकघरात कुणीतरी सावकाश भाकर मोडली.