पाचवा धडा

मदुराईच्या विहीणबाई रविवारी येणार होत्या. त्यांना तमिळशिवाय दुसरी भाषा येत नव्हती, म्हणून सुनेनं प्रमिलाबाईंना मोबाइलवर तमिळ शिकवणारी बाई लावून दिली होती. खरी बाई नव्हे, नुसता आवाज. पण कितीही चुकलं तरी चिडायची नाही. चार धडे झरझर झाले. पाचव्यात तिनं विचारलं, "तुमच्या नवऱ्याचं नाव काय?"

"आमचे हे."

"हे नाव नाही. पुन्हा सांगा."

"हर्षदचे बाबा."

"ते मुलाचं नाव झालं. नवऱ्याचं सांगा."

लग्नातल्या उखाण्यानंतर ते नाव प्रमिलाबाईंच्या तोंडून कधी निघालं नव्हतं.

"आई, दुसरं कुठलंही नाव सांगा," सून म्हणाली. "तिला काय कळतंय?"

"म्हणजे भलत्याच माणसाला नवरा म्हणू?"

धडा तिथंच अडून बसला. शनिवारी दुपारी सगळे आडवे झाल्यावर प्रमिलाबाई मोबाइल घेऊन मागच्या गॅलरीत गेल्या, दार लोटून घेतलं आणि पुटपुटल्या, "एन कणवर पेयर वामन."

"नाव ऐकू आलं नाही. जरा मोठ्यानं म्हणा."

त्यांनी डोळे मिटले आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "वामन."

"शाब्बास," बाई म्हणाली.

आतल्या खोलीत वामनराव झोपेतून उठून बसले. आई गेल्यापासून या घरात त्यांना नुसत्या नावानं कुणी हाक मारली नव्हती.

"आलो गं," ते म्हणाले.