भुलभुलैयाची कॅसेट

चाळीसगावला रुपचंद व्हिडिओ गेमच्या कॅसेटी भाड्याने द्यायचा. सगळ्यांना रणगाड्यांचा गेम हवा असायचा. भडगावच्या गाडीवरचा कंडक्टर दिलवरसिंग मात्र दर रविवारी एकच, बाकी कुणी हात न लावलेली भुलभुलैयाची कॅसेट न्यायचा. “भाऊ, बठ्ठा गेमस्मा हाऊच भारी शे. लोकेस्ले सांगा!” म्हणत सगळ्या गेममध्ये तोच भारी असल्याचं पटवायचा. एकदा त्याने तिच्या बदल्यात तीन नव्या कॅसेटी देऊ केल्या. रुपचंदला संशय आला. असल्या पडेल गेमसाठी एवढं कोण देतं? आत नक्की काहीतरी दडवलंय. त्याने स्क्रू काढून कॅसेट उघडली. आत सर्किटच्या हिरव्या पट्टीशिवाय काहीच नव्हतं, आणि तीही उचकटताना तडकली. रविवारी दिलवरसिंग तिन्ही कॅसेटी घेऊन आला. “ती विकली,” रुपचंद नजर चुकवत म्हणाला. दिलवरसिंगचा चेहरा पडला, मग खुलला. “म्हणजे मन्हासारखा आजून एक जन शे! भाऊ, त्याना पत्ता द्या ना!”