गांधीलमाशीचे पट्टे

"हलू नका बाई," निंदणी करणारी गोजरमावशी म्हणाली.

भरदुपारी रोपवाटिकेत कुमुदच्या मनगटावर गांधीलमाशी बसली होती. मागच्या वर्षी एकाच डंखानं तिचा गळा सुजून श्वास अडकला होता. मावशीनं ती सरळ बोटावर घेतली.

"पतंग आहे हा. डंख नाही याला. दिवसा उडतो, म्हणून गांधीलमाशीचे पट्टे अंगावर वागवतो. पाखरं वाटेला जात नाहीत."

तेवढ्यात फाटकाशी ठेकेदाराची जीप थांबली. तो उतरून थेट कुमुदपाशी आला.

"एकट्याच राहता. मिस्टर कधी यायचेत?"

नवरा तीन वर्षांपूर्वी वारल्याचं तिनं इथं कुणालाच सांगितलं नव्हतं. तिनं मंगळसूत्र पदराबाहेर काढलं.

"शनिवारी येतायत," मावशीच बोलली. "सकाळीच फोन होता त्यांचा. माझ्यासमोर."

पतंग अजून तिच्या बोटावरच होता.