सफरचंदांचा हार

क्रेनने हार उचलला आणि रणजीतने मान वर केली.

सफरचंदांचा तो अगडबंब हार हळूहळू वर चढत होता. खाली आनेकल गावचा चौक माणसांनी भरून गेला होता. हार उमेदवाराच्या माथ्यावर आला की गर्दी तुटून पडते आणि सफरचंदं ओरबाडून नेते, हा इकडचा रिवाज. नेत्याच्या हारातलं फळ म्हणजे प्रसादच. गेल्या निवडणुकीत याच चौकात, याच झोंबाझोंबीत गावातल्या सत्यवती नावाच्या बाईचा नवरा जीपपुढे चेंगरून मेला. तेव्हा जीपवर रणजीतचे वडील, भगवंतराव उभे होते.

त्यानंतर भगवंतराव प्रचाराच्या जीपवर उभे राहिले नाहीत. गुडघे गेले म्हणाले, आणि तीनदा जिंकलेल्या जागेची उमेदवारी पोराच्या गळ्यात घातली. पोरगा शहरात, बेळ्ळंदूरच्या एका कंपनीत सुखाने नोकरी करत होता. त्याला कुणी विचारलं नाही. विचारायची त्या घरात पद्धतच नव्हती.

आता तो उघड्या जीपमध्ये उभा होता आणि वडील त्याच्या पायाशी बसून त्याचा घोटा धरून होते. पोरगा पडू नये म्हणून, असं लोकांना वाटत होतं. रणजीतला ती पकड चांगली ठाऊक होती. लहानपणी पाहुण्यांसमोर तो जास्त बोलू लागला की बाबा टेबलाखालून असाच हात दाबायचे.

"स्वल्प हसा की अण्णा," प्रचार सांभाळणारे आप्पाजी मागून पुटपुटले. "हार नाकारायचा नाही. कार्यकर्त्या पोरांनी हौसेनं ओवलाय. ती रुसली तर आपला बाजार उठला म्हणून समजा."

रणजीत हसला. तेवढ्यात त्याला सत्यवती दिसली. अगदी बॉनेटला चिकटून, नवरा जिथे पडला तिथेच ती उभी होती. ती भांडायला आली नव्हती. चारचौघींसारखा तिनेही फळ झेलायला पदर पसरला होता. मागून रेटा वाढत होता आणि तिचं पोट बॉनेटवर दाबलं जात होतं.

हार डोक्यावर आला. रणजीतने माईक तोंडाशी नेला, तशी घोट्यावरची पकड आवळली. गप्प बस, असंच ती पकड सांगतेय असं त्याला वाटलं. बाबांची त्याला आयुष्यभर भीती वाटत आली होती, पण त्या बाईच्या पदराची त्याहून जास्त वाटली.

"क्रेन मागे घ्या," तो कन्नडमध्ये म्हणाला. आवाज चिरकला. कुणी ऐकलं नाही. मग तो बेंबीच्या देठापासून ओरडला, "क्रेन मागे घ्या, नाहीतर मी आत्ता जाऊन उमेदवारीचा अर्ज मागे घेतो."

क्रेन अडखळली आणि मागे सरकू लागली. कुणीतरी शिट्टी मारली. हार ओवणारी पोरं पाठ फिरवून चालू लागली.

"संपलं," आप्पाजींनी कपाळावर हात मारला. "पहिल्याच सभेत घराण्याचं नाव घालवलं."

खाली बघायचा रणजीतला धीर होईना. घोट्यावरची पकड सुटली नव्हती.

"बाबा, चुकलं असेल माझं," शेवटी तो वाकून म्हणाला. "पण पाय सोडा आता."

भगवंतरावांनी डोळे गच्च मिटून घेतले होते. हार वर चढू लागल्यापासून ते उघडलेच नसावेत.

"मागे गेला का रे हार?" त्यांनी विचारलं.